आक्कांचे आठ दिवस

आमच्या थोरल्या जाऊबाई आक्का, त्यांच्याइतकं पैशाचं शहाणपण आष्ट्यापासून सांगलीपर्यंत दुसऱ्या कुणात नसेल, आणि हे मी काही आनंदाने सांगत नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा, अजूनही वाटतो. त्यातलं खरं दुखणं असं, की पहिले धडे त्यांना मीच दिले.

आक्का मूळच्या मेढ्याकडच्या. लग्न होऊन आष्ट्याला आल्या तेव्हापासून थोरले दीर फौजेत, पंजाबात. मनिऑर्डर यायची ती मामंजींच्या हातात. आक्कांना बाजारासाठी दहाची नोट मिळायची, तीही उरलेले सुटे परत करायच्या बोलीवर. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास मामंजी गेले, तेव्हा आक्का चाळिशीला टेकल्या होत्या. पुढच्या महिन्यात पोस्टमनने नोटा थेट त्यांच्या हातावर ठेवल्या. त्या पदरात बांधून आक्का पहिल्या एस.टी.ने सांगलीला माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तू मास्तरीण हायस. ह्येचं काय करायचं असतंय, सांग." मी तेव्हा एका खाजगी शाळेत शिकवत होते. पोस्टाचं पासबुक, भरायची स्लिप, काढायची स्लिप, सही, सगळं मी त्यांना मोठ्या ऐटीत शिकवलं. तोवर मला त्यांची दया येत होती आणि फार बरं वाटत होतं.

पण आक्का तिथे थांबतील तर ना! दोन महिन्यांत त्या आष्ट्याच्या पोस्टमास्तरांशी व्याजावरून घासाघीस करायला लागल्या. "आवं मास्तर, सांगलीत हळदीचाबी भाव करत्यात, आन् तुमी येकच दर सांगून बसलायसा," असं त्यांनी त्यांना ऐकवलं. व्याज काही वाढलं नाही, पण पोस्टमास्तरांनी दरमहा थोडं थोडं भरायच्या आवर्ती ठेवीत जास्त मिळतं हे समजावून सांगितलं आणि आक्कांनी त्याच दिवशी तीही उघडली. मग निघाला त्यांचा आठ दिवसांचा नियम. कुठलीही वस्तू आवडली की दुकानातच ठेवून यायची. आठ दिवसांनीही हवीशी वाटली तरच घ्यायची. त्यांच्या नादाने आमच्या घरातले सगळे मला सुनावायला लागले, "आक्कांकडनं शिक जरा."

एकदा सांगलीत त्यांनी एक जांभळी इरकल अशीच बाजूला ठेवायला लावली. चौथ्या दिवशी मी ह्यांच्या मागे लागून पैसे घेतले आणि तीच साडी घेऊन आले. आक्कांनी ती माझ्या अंगावर बघितली, पदर हातात घेऊन पोत तपासला आणि म्हणाल्या, "ब्येस दिसतीस गं. माजंबी पैसं वाचलं." त्या खरंच खूश होत्या. मला रात्रभर झोप लागली नाही.

ठेवीची मुदत संपली तेव्हा आक्कांनी काय करावं? मिरज स्टेशनवर रांगेत उभं राहून स्वतः पंजाबचं तिकीट काढलं. वीस वर्षं नवरा कुठे राहतो, काय खातो, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं त्यांना. मला म्हणाल्या, "तूबी चल की. तुजा तर पगार हाय."

शाळेतून रजा मिळायची नाही, असं मी सांगितलं. खरं तर दर एक तारखेला पगाराचं पाकीट मी न फोडता ह्यांच्या हातात देत होते आणि बसभाडं मागून घेत होते. पासबुकाचे धडे देणाऱ्या माझ्या स्वतःच्या नावावर एकही पासबुक नव्हतं. आक्कांना ते कळलं असावं. एवढंच म्हणाल्या, "बरं. पुढच्या खेपंला."

त्या गेल्या, महिनाभर राहिल्या, आणि येताना सगळ्यांना लोकरी मोजे घेऊन आल्या.

त्या तिकडे असताना आलेल्या एक तारखेला मी शाळेतच पाकीट फोडलं आणि पन्नासाची एक नोट काढून घेतली. संध्याकाळी ह्यांनी मोजले, पन्नास कमी कसे म्हणून विचारलं. कसली तरी वर्गणी कापली असेल, असं मी म्हणाले.

आक्कांनी खरं सांगितलं असतं.