हँडलमधला प्ले आणि माझ्या पिना

नेमबाजी क्लबच्या स्टोअरमध्ये एक हातयंत्र आहे. वापरलेली रिकामी काडतुसं त्यावर पुन्हा भरतात. लांब हँडल खाली ओढलं की आतला दांडा वर चढतो आणि काडतूस साच्यात दाबलं जातं. त्याच्या सांध्यांतल्या दोन पिना झिजल्या तेव्हा नव्या मी माझ्या लेथवर घडवल्या, पाणी देऊन कडक केल्या आणि स्वतः बसवल्या.

काही महिन्यांनी हँडलमध्ये प्ले आला. टोकाला धरलं की हँडल दोन बोटं तरी नुसतंच हलायचं, मग कुठे दांडा उचलायचा. आणि स्टोअर सांभाळणाऱ्याने क्लबभर सांगितलं, लोकल पिना होत्या, मऊ निघाल्या, नवीन यंत्र मागवू.

हे दुसरं कोणी बोललं असतं तर मी भांडून मोकळा झालो असतो. पण हा रत्नागिरीचाच, माझ्या शेजारच्या गावचा. इथे कतारात, बिन ओमरानच्या वस्तीतल्या एका खोलीत आम्ही कितीतरी वर्षं एका ताटात मच्छी-भात खाल्ला. मी दुसऱ्याच्या लेथवर झाडू मारत होतो तेव्हापासून तो मला मिस्त्री म्हणतो. आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, तरी मिस्त्रीच. क्लबची सगळी दुरुस्ती माझ्याकडे होती. पिना मऊ ठरल्या असत्या तर तीही गेली असती आणि इंडस्ट्रियल एरियात माझ्या कामाला कोणी हात लावला नसता.

मी बोलावण्याची वाट न पाहता गेलो. तो टेबलामागे चहा पीत बसला होता.

"मिस्त्री, उशीर केलास. ऑर्डर उद्या जाणार."

"भाय, उद्या जाणार ना? मग आजचा दिवस माझा. पिन खराब निघाली तर या दारात परत पाय ठेवणार नाही."

"आणि नाही निघाली तर?"

"तर कॅप्टनला तू सांगायचं. मी नाही, तू. तुझ्या तोंडाने."

कॅप्टन म्हणजे क्लबचे मुख्य प्रशिक्षक, कतारी, वयस्कर. भायने कप खाली ठेवला. "तुझी घासाघीस कधी सुटायची नाही," म्हणाला, पण काडतुसांत भरायची दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. यंत्रावर फक्त रिकामी काडतुसं उरली.

आधी टेबल पाहिलं. यंत्र टेबलावर हलत असेल तर हँडल बिचारं काय करणार? बोल्ट थोडे ढिले होते, आवळले. प्ले तसाच. तो मागून म्हणाला, "टेबलपण मऊ आहे काय रे?" पाना माझ्या हातात होता. मी तो सावकाश खाली ठेवला.

मग पिना काढल्या. आरोप त्यांच्यावर होता, म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर मायक्रोमीटरने मोजल्या. जशा बसवल्या होत्या तशाच होत्या. "मग भोकं मोठी झाली असतील तुझ्या पिनांनी," तो म्हणाला. तेही तपासलं. पिना भोकांत अंगठ्याने दाबूनच बसल्या. म्हणजे प्ले सांध्यांत नव्हता. पण तो कुठे आहे ते दाखवल्याशिवाय हा ऐकणार नव्हता.

हँडल ज्या कॉलरमध्ये बसतं, ती कॉलर आडव्या शाफ्टला एका बोल्टने पकडलेली असते. मी मार्करने शाफ्टच्या तोंडावरून कॉलरवर एक सरळ रेघ ओढली. "आता हँडल तू ओढ," मी त्याला म्हटलं. त्याने काडतूस लावलं आणि ओढलं. रेघ मधोमध तुटली. कॉलरवरचा तुकडा पुढे सरकला, शाफ्टवरचा जागेवरच राहिला.

"पकड सुटते आहे," मी म्हणालो. "पिनेपर्यंत तुझा जोर पोचतच नाही."

कॉलर उघडली तर आतून तेल ओघळलं. यंत्र जिथे फिरतं तिथे तेल हवं, जिथे पकडतं तिथे कोरडं हवं.

"इथे तेल कोणी घातलं?"

"धूळ येते रे. वादळ झालं की मी सगळीकडे घालतो."

"सगळीकडे?"

मी स्पिरिटने शाफ्ट पुसला, कॉलर आतून पुसली, कोरडी होऊ दिली, बोल्ट आवळला, नवीन रेघ ओढली. आता कितीही ओढलं तरी रेघ अखंड. टोकाला केसभर प्ले राहिला, तो मी तसाच ठेवला. तेवढाही काढला तर यंत्र आखडतं.

कॅप्टन आत आले. हँडल ओढून पाहिलं. "खलास?"

"जी, मशीन ठीक हो गया," भाय म्हणाला.

मी टूलबॉक्स उचलला नाही. "पिनचं सांग."

"झालं ना आता."

"पिनचं सांग, भाय."

तो छताकडे बघत म्हणाला, "पिन भी ठीक था, कॅप्टन. तेल मैंने गलत जगह डाला." कॅप्टनना त्याचं काही नव्हतं. नवी मशीन नको, एवढं सांगून ते निघून गेले. ज्या वाक्यासाठी मी दुपार घालवली, ते खऱ्या अर्थाने ऐकणारे खोलीत आम्ही दोघेच होतो. माफी त्याने मागितली नाही, अजून मागितलेली नाही.

निघताना त्याच्या खिडकीतली तेलाची बाटली मी टूलबॉक्समध्ये टाकली.

"बाटली क्लबची आहे," तो म्हणाला.

"मग कॅप्टनला सांग, मिस्त्रीने का नेली ते."

त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं.