न्हाणीची गार भिंत

निरगुडसरच्या मोहिनीनं एखादी गोष्ट मनावर घेतली की संपलं! मग नवरा हसो नाहीतर गाव हसो. गेल्या साली तिनं मनावर घेतली न्हाणीची भिंत.

कारण होती तिची सासू, साळुबाई. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून म्हातारीचा डावा हात गारठ्यात आखडायचा. न्हाणीची मागची भिंत कालव्याकडं, पार उघड्यावर. थंडीत हात लावला तर बर्फच. एका सकाळी आंघोळ करताना साळुबाईचा हात असा वळला, की मोहिनीला दार ढकलून आत धावावं लागलं. तेव्हापासून म्हातारीनं सकाळच्या आंघोळीची धास्तीच घेतली. ऊन तापल्याशिवाय न्हाणीत पाऊल टाकायची नाही. आणि पारोशानं चुलीला शिवायचं नाही, हा तर तिचा जन्माचा नेम! म्हणजे सकाळच्या भाकरी सुटल्या. जिनं उभा जन्म भाकरी थापल्या, ती ओट्यावर बसून रस्ता बघायला लागली.

"माजं आता काय काम हाय हितं," म्हणायची.

ते ऐकलं की मोहिनीच्या काळजात चर्र व्हायचं. दुसरी एखादी सून असती तर चूल हाती आली म्हणून मनात खूश झाली असती. हिला सासू चुलीपुढंच हवी होती.

तिचा नवरा भरत कांदाचाळी, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर कोठारं, बांधतो. पेठ म्हणू नका, कळंब म्हणू नका, सगळीकडं त्याच्या चाळी. न्हाणीचं काम काढलं तेव्हा तो म्हणाला, "फरशी बदलू, धरायला दांडी बसवू."

"अन् भित्तीला सुवेटर घाला," मोहिनी म्हणाली.

भरत पोट धरून हसला. पण बायकोपुढं त्याचं कधी चाललंय? जुन्या भिंतीबाहेर थोडी जागा सोडून त्यानं पातळ दुसरी भिंत उभारली, मधल्या फटीत थर्माकोल उभा केला. काम झकास! फक्त हाताला लागलेली सवय जाते कुठं? चाळीला ठेवतात तशी त्यानं नव्या भिंतीलाही खाली-वर भोकं ठेवली, वारा खेळायला.

दिवाळी सरली, थंडी पडली. साळुबाई मोठ्या आशेनं टॉवेल घेऊन सकाळीच आत गेली आणि एका तांब्यात बाहेर आली. हात आखडलेला.

"आसू दे गं पोरी," ती म्हणाली. "तू लई केलंस."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं! मोहिनी डोळे पुसत घरामागं गेली, उदबत्ती पेटवून खालच्या भोकाशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला आणि वरच्या भोकातून बाहेर आला. तिनं तिथूनच नवऱ्याला हाक मारली.

"अवो, वाकळ पांघरायची अन् दोन्हीकडनं उघडी टाकायची, मंग ऊब ऱ्हाईल का?"

"कोंडलं की सडतं," भरत म्हणाला. "आमी चाळीत जलम घालवलाय."

"चाळीत कांदा आसतो. हितं माझी सासू हाय!"

"अन् भित्तीनं पाणी धरलं तर?"

"आतनं वॉटरप्रूफिंग केलंय. वाफंला खिडकी हाय. अजून काय पायजे?"

भरत कुरकुरत पेठच्या कामाला निघून गेला. मोहिनीनं काय केलं असेल? पदर खोचला, घमेल्यात सिमेंट कालवलं आणि एकेक भोक बुजवून टाकलं. आयुष्यात कधी थापी धरली नव्हती बाईनं. ती ओबडधोबड ठिगळं आजही दिसतात, आणि मला तरी ती त्या घरातली सगळ्यात देखणी वाटतात.

सिमेंट वाळल्यावर एका गारठलेल्या सकाळी मोहिनीनं कढत पाण्याची बादली आत ठेवली आणि सासूला कशीबशी राजी केली. मग दाराला कान लावून उभी राहिली. एक तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग थांबला. हिचा जीव टांगणीला. आणि आतून तिसरा तांब्या, चौथा, पाचवा!

मोहिनी पळत चुलीशी आली आणि काही झालंच नाही अशी पीठ मळायला बसली. थोड्या वेळानं मागून आवाज आला.

"सर तिकडं. किती घट्ट मळतीस गं!"

साळुबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून उभी होती. मोहिनी सरकली. डावा हात जरा मागं पडत होता, पण फिरत होता. भाकरी थापली गेली, तव्यावर पडली, टम्म फुगली. भरत दारात येऊन थबकला. चुलीपुढं कोण बसलंय ते त्यानं पाहिलं आणि ताट घेऊन बसला.

साळुबाईनं पहिली भाकरी उचलली. लेकाचं ताट ओलांडून ती सुनेपुढं ठेवली.

"आदी तू खा," म्हणाली.