एकाच नावाच्या दोघी

"म्या जिती हाय न्हवं? मग मलाच इचारा की!" असं म्हणत अक्का काउंटरवर पंजा थापटत. पदराला लागलेलं बेसन माझ्या कीबोर्डवर भुरभुरे.

लातुरात मी एका बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो. अक्कांची पिठाची गिरणी. दुसरी चक्की बसवायची म्हणून त्या आल्या, आणि स्क्रीनवर उमटलं: मोटारसायकलचं कर्ज थकीत, पत्ता बिलोली.

"मला सायकलबी येत न्हाई, साहेब."

नाव तेच. जन्मतारीखही दोघींची गुरुजींनी टाकलेली एक जून. बाई मात्र वेगळी. तक्रार केल्यावर पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीनं चूक सुधारलीसुद्धा. पण आमची बँक माहिती घ्यायची ती मधल्या एका कंपनीकडून, आणि ती अजून जुनंच विकत होती. कर्ज पुन्हा नामंजूर.

मी त्या कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. तिकडची पोरगी पाठ केलेलं बोलू लागली तशा अक्का पुढे वाकल्या.

"अगं पोरी, माझ्या बेसनात आळी निघाली तर म्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बदलून देते. तुमी किडकं इकून राहिलाव, अन् वर मलाच थांबा म्हणताव?"

रांगेतली माणसं हसली. पलीकडे पोरीलाही हसू फुटलं. काम झालं ते मात्र रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार गेल्यावर. जुनी माहिती ज्यांना ज्यांना विकली, त्या सगळ्यांना सुधारलेली पाठवा, असा आदेश आला.

कर्ज मंजूर झालं, तरी अक्का खुर्चीतून उठेनात. "ती बिलोलीची कोण हाय, बघून येते."

खरं सांगा, आपण गेलो असतो? त्या एसटीनं गेल्या, मुक्काम केला आणि तिलाच सोबत घेऊन आल्या. तिनं सगळे हप्ते कधीच फेडले होते, पावत्या होत्या. तरी नोंदीत ती थकबाकीदारच.

"हिचंबी नीट करा," अक्कांनी हुकूम सोडला. तेही झालं.

आता गिरणी सून चालवते. अक्का नांदेडला लेकीकडे असतात. आमचं काउंटर स्वच्छ असतं, आणि जरा सुनंसुनं.

मला त्या दिसतात नव्या चक्कीच्या पूजेतल्या. पूजा सांगणाऱ्या स्वामींनी नारळ उचलून मालकिणीचं नाव पुकारलं, आणि गर्दीतून एकदम दोन आवाज आले, "ओऽऽ!"

दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की नारळ कुणी फोडायचा तेच ठरेना. शेवटी दोघींनी मिळूनच तो उचलला आणि दगडावर आपटला. पाणी उडालं ते थेट स्वामींच्या तोंडावर.