आखूड गिअरची शीळ

गाडीत मागे बसायला जागाच नाही, हे मला दार उघडल्यावर कळलं. दोन सीट, त्यांच्या मागे घडी करून ठेवलेलं कापडी छप्पर आणि पुढे लांबच लांब नाक. एका हॉटेलवाल्याच्या अंगणात ती बरीच वर्षं धूळ खात उभी होती. आमच्या ह्यांनी ती आणली, धुतली, आणि फाटकात उभं राहून माझ्याकडे असं बघितलं की मी विचारायचं ते विचारलंच नाही.

हे मूळचे नागपूरचे. रेल्वेच्या इंजिन कारखान्यात नोकरी लागली म्हणून बनारसला आले आणि इथेच राहिले. मी इथलीच. माझं माहेर मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत, जिथे सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते. माझं मराठी हिंदीत भिजलेलं आणि ह्यांचं नागपुरी, त्यामुळे लग्नानंतर पहिली काही वर्षं आम्ही एकमेकांना 'काय म्हटलंत?' असंच विचारत होतो. नोकरीभर हे कारखान्याच्या टेस्ट शेडमध्ये होते. नवीन डिझेल इंजिन तिथे पूर्ण जोरात चालवून बघतात. मी बँकेत होते. दोघंही निवृत्त झालो आणि घरात ही लाल गाडी आली.

गाडी सुंदर होती, पण आमच्या शहरात ती चालेना. आमच्या इथल्या लंका चौकातून सिगऱ्याच्या बाजाराकडे जायचं म्हणजे पुढे ई-रिक्षा, बाजूला हातगाडी, मध्येच निवांत बसलेला सांड. पहिल्या गिअरमध्ये गाडी गुरगुरायची, दुसरा टाकला की गुदमरायची आणि चौकात बंद पडायची. लोक आधी कौतुकाने बघायचे, मग दयेने. सामनेघाटच्या पुलाच्या चढावर एकदा ती मागे घसरायला लागली तेव्हा मी डोळेच मिटून घेतले.

"हिला मागच्या चाकांच्या धुऱ्यात आखूड गिअर टाकायला पाहिजे," हे त्या दिवशी जेवताना म्हणाले.

"म्हणजे काय?"

ह्यांनी माझ्यासमोरचं ताट ओढलं आणि त्याच्या कडेला वाटी टेकवली. ताट म्हणजे क्राउन, मोठं दातेरी चाक. वाटी म्हणजे पिनियन, लहान चाक. इंजिन वाटी फिरवतं, वाटी ताट फिरवते, ताट गाडीची चाकं फिरवतं. आता ताटाला तेवढेच दात ठेवून वाटीचे कमी केले, तर ताटाच्या एका फेरीसाठी वाटीला जास्त फिरावं लागेल.

"म्हणजे गाडी हळू होणार."

"हळू कशाला? जोरदार होणार."

"पण वेग कमी होणार ना?"

"वरचा वेग कमी होणार. उचल वाढणार."

"मग वेगाची गाडी आणून तिचा वेग कमी करायचा?"

"काय बोलून राहिली तू! ताटाच्या एका फेरीला वाटीच्या किती फेऱ्या, तो आकडा वाढला की गिअर आखूड होतो, इतकी साधी गोष्ट आहे."

"आकडा वाढला की आखूड?"

"हो."

मी ताट परत ओढून घेतलं. वरण गार झालं होतं. ह्या साध्या गोष्टीने मला पुढचे कित्येक दिवस छळलं. भाजी चिरताना मध्येच थांबून मी मनात वाटी फिरवायचे आणि दर वेळी उलटं उत्तर यायचं.

लहरताऱ्याला उड्डाणपुलाजवळ ह्यांच्या ओळखीचा एक मिस्त्री होता. जुन्या जीपगाड्यांचे धुरे उघडण्यात त्याचा हात बसलेला. कानपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून त्याने हवी तशी क्राउन-पिनियनची जोडी मिळवली आणि काम सुरू झालं. मी डबा घेऊन गेले तेव्हा गाडीचा मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला होता आणि सगळीकडे धुऱ्यातल्या जाड तेलाचा सडक्या अंड्यासारखा वास सुटला होता. मिस्त्री शेंदूर तेलात कालवून नव्या क्राउनच्या दातांना लावत होता. मला वाटलं पूजा चालली आहे.

"अगं, पूजा नाही," हे हसले. "दात एकमेकांना कुठे लागतात ते ह्याच्यावरून कळतं. फिरवलं की शेंदूर पुसला जातो. डाग दाताच्या मधोमध आला पाहिजे. नाही आला तर पिनियनच्या मागे पातळ चकती घालून ते पुढे-मागे सरकवायचं."

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून डाग बघितला. मिस्त्रीने बघितला. मग मलाही वाकून बघायला लावलं. मला शेंदूर दिसला.

"जमलं," हे म्हणाले.

आणि खरंच जमलं होतं. पहिल्याच दिवशी गाडी लंकेच्या गर्दीतून अशी निघाली की जणू कोणीतरी तिच्या पायातल्या बेड्या काढल्या. ई-रिक्षामागे रेंगाळतानासुद्धा ती दुसऱ्या गिअरमध्ये शांत राहिली, चढावर एकदाही अडखळली नाही. ह्यांचा चेहरा मी लग्नात बघितला होता तसा झाला होता. पूल ओलांडून आम्ही रामनगरच्या पुढे मोकळ्या रस्त्याला लागलो. ह्यांनी गाडी पळवली, मग पुढे ट्रॅक्टर दिसला म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला, आणि मागून बारीक शीळ ऐकू आली.

"अहो, हा कसला आवाज?"

"कुठला?"

"शीळ घातल्यासारखा. मागून."

ह्यांनी मान वळवून ऐकलं. "काही नाही. छप्पर फडफडत असेल."

छप्पर घडी करून बांधलेलं होतं. मी ते दाबून धरलं. ह्यांनी पुन्हा वेग घेतला, पुन्हा पाय सोडला. शीळ आली आणि गाडी हळू झाल्यावर थांबली.

"आता?" मी विचारलं.

"आता काय?"

घरी आल्यावर मात्र मला माझीच शंका यायला लागली. पाण्याची मोटर लागली की त्यात ती शीळ ऐकू यायची. मिक्सर बंद होताना यायची. एकदा तर रात्रीची भांडी आवरताना नुसत्या शांततेत ऐकू आली. ह्यांनी आयुष्यभर इंजिन ऐकली, ते म्हणतात नाही. मी आयुष्यभर नोटा मोजायचं यंत्र ऐकलं, मी म्हणते आहे. कोणाचं खरं धरायचं? वय झालं की कानात आवाज येतात असं कोणीतरी म्हणाल्याचं आठवलं आणि मी घाबरले.

तरी मी हट्टाने ह्यांना गाडी परत मिस्त्रीकडे न्यायला लावलं. हे आणि मिस्त्री चक्कर मारून आले. हे उतरले ते विजयी मुद्रेनेच.

"विचार त्यालाच."

"कोई आवाज नहीं है, भाभी जी," मिस्त्री म्हणाला. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, हातातला फडका घडी करत होता.

हे चहा सांगायला कोपऱ्यावर गेले. मिस्त्रीने फडका खांद्यावर टाकला. मग हळूच म्हणाला, "आवाज तो है."

"तो फिर अभी नहीं क्यों बोले?"

"साहब ने पूछा, कोई आवाज तो नहीं है न? फिर खुद ही बोले, नहीं है. मैं क्या बोलता? उनको सुनाई नहीं देता, भाभी जी."

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. माझे कान ठीक होते. आणि लगेच एकेक गोष्ट आठवायला लागली. वॉशिंग मशीन काम संपल्यावर पिपाणी वाजवतं, ते हे कधीच बंद करत नाहीत, आणि मी त्याला आळस म्हणत आले होते. फोन दुसऱ्या खोलीत वाजत राहतो. माहेरी गेलो की माझी भाची बारीक आवाजात काही सांगते तेव्हा हे नुसते हसतात. मला वाटायचं लाड करतात.

हे चहा घेऊन आले. मिस्त्री गाडीखाली शिरला.

परत येताना मी म्हटलं, जरा रामनगरकडून चला. पूल ओलांडल्यावर एका झाडाखाली गाडी थांबवायला लावली. काय आणि कसं बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"अहो, आवाज आहे. मिस्त्रीलाही ऐकू येतो. तुम्हाला येत नाही."

ह्यांनी इंजिन बंद केलं. "तू म्हणतेस मी बहिरा झालो."

"बहिरे नाही हो. माझं सगळं तुम्हाला ऐकू येतं."

"तुझं ऐकू येतं कारण तू ओरडते." मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "शेडमध्ये डोळे मिटून सांगायचो मी. कोणता इंजेक्टर गेला, कुठे वॉल्व्ह ढिला आहे. पोरं मला बोलवायला यायची."

हात पुढे करावा तर ते बरोबर वाटेना, कारण हे रागावले आहेत की खचले आहेत तेच ओळखू येत नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर हा चेहरा मला नवा होता. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती ह्यांनी घेतली, पण उघडली नाही.

मग एकदम विचारलं, "कधी येतो? पाय दाबल्यावर की सोडल्यावर?"

"सोडल्यावर."

"फक्त सोडल्यावर?"

"हो. बहुतेक."

"बहुतेक नको. नीट सांग." आणि ह्यांनी किल्ली फिरवली.

त्या दुपारी आम्ही त्याच रस्त्यावर किती येरझाऱ्या घातल्या कोणास ठाऊक. शीळ सुरू झाली की मी हात वर करायचा, थांबली की खाली. हे एका हाताने गाडी चालवत दुसरा तळवा दोन सीटमधल्या फुगवट्यावर टेकवून थरथर जाणवते का बघत होते. मीटरवर सत्तर आलं की शीळ सुरू होते असं मी सांगितलं, तर म्हणाले, मीटर खोटं बोलतो आता, मागचा गिअर बदलल्यावर तो जास्तच दाखवणार, खरा वेग कमी आहे. मग मी आकडा कुठला सांगायचा? माझा पार गोंधळ झाला.

"आवाज कसा आहे? जाड होत जातो की पातळ?"

"नोटा मोजायच्या यंत्रासारखा. पण लांबून. आणि यंत्र थकत जाताना."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे मी मिस्त्रीला कसं सांगू?"

पण सांगितलं. मी शेजारी उभी होते. हे म्हणाले, "मुझे नहीं सुनाई देता, इनको देता है, इनसे पूछो." मिस्त्रीने मान खाली घातली आणि मग मला विचारायला सुरुवात केली. धुरा पुन्हा उघडला. पुन्हा तो वास, पुन्हा शेंदूर. या वेळी दोघांनी दाताची दुसरी बाजू जास्त निरखली, जी पाय सोडल्यावर कामाला येते. तिथला डाग टोकाकडे सरकलेला होता. चकती बदलली, डाग बघितला, पुन्हा बदलली. मला पुन्हा वाकून बघायला लावलं आणि या वेळी मला फरक दिसला. म्हणजे दिसला असं वाटलं.

चक्कर मारून आल्यावर दोघंही माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

"गेला?"

माझी खरंच पंचाईत झाली. शीळ गेली होती की मी इतकी ऐकली होती की आता तिची सवय झाली होती? "अगदी थोडा आहे," मी म्हटलं.

"थोडा म्हणजे किती?"

"म्हणजे... चालेल इतका."

काम तिथेच थांबवायचं ठरलं.

कानाच्या डॉक्टरकडे हे माझ्या सांगण्यावरून गेले नाहीत, स्वतःहून गेले, आणि तेही गाडीचं ऑइल बदलून आणण्याच्या निमित्ताने. तपासणीचा आलेख घरी आणून मला दाखवला. जाड आवाजांकडे रेघ ठीक होती आणि बारीक आवाजांकडे जाताना एकदम खाली उतरत होती. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केल्याचा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. कानातलं यंत्र आलं. पहिल्या दिवशी ह्यांनी ते लावून स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि लगेच काढलं. "तू भांडी अशी आपटते?" रोज थोडा वेळ लावायचं, एवढ्यावर तडजोड झाली.

थंडी सरता सरता आम्ही चुनारचा किल्ला बघायला गेलो. मोकळ्या रस्त्यावर इंजिन आता जास्त ओरडत होतं. मीटरवर नव्वद असताना एक भरलेला ट्रक आम्हाला आरामात ओलांडून गेला आणि त्याच्या क्लीनरने हात हलवला. मी विचारलं, हीच का ती वेगाची गाडी? हे हसत सुटले. किल्ल्याखाली चहा घेतला, गंगेकडे बघत बसलो, ऊन उतरायला लागल्यावर निघालो.

"तू चालव," हे म्हणाले.

"मी?"

"बँकेत जायची तेव्हा चालवत नव्हती का? ही आता बंद नाही पडत."

ह्यांनी खिशातून डबी काढली, यंत्र कानात बसवलं आणि शेजारी बसले. सीट खाली होती, नाक लांब होतं, गिअरचा दांडा माझ्या जुन्या गाडीपेक्षा ताठ होता. मी घामाघूम झाले. गावं मागे पडत गेली तसा हात जरा सैल झाला. एका वळणाआधी मी पाय सोडला.

"आहे," हे म्हणाले.

"काय?"

"शीळ. पाय सोडल्यावर आहे. चांगली आहे की! तू थोडा म्हणाली होती."

मी पुढच्या वळणावर मुद्दाम पाय सोडला आणि कान दिला. मला वारा ऐकू आला, इंजिन ऐकू आलं, रस्त्याचे सांधे ऐकू आले. शीळ नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. शेजारी हे हात वर करत होते, खाली आणत होते, अगदी खात्रीने. यंत्र नवं होतं, त्यातच काही वाजत असेल. नाहीतर माझंच लक्ष रस्त्यावर असेल. मला काहीच ठरवता येईना.

"ऐकलंस ना?" ह्यांनी विचारलं.

"समोर म्हैस आहे हो," मी म्हटलं आणि दुसरा गिअर टाकला.