जेलीफिश नसलेल्या बाटल्या

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. पीएचडीच्या शेवटच्या वर्षी तर चहाला गॅस लावायची गरज नव्हती, पातेलं माझ्या डोक्यावर ठेवलं तरी चाललं असतं.

घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायचं आणि बेलापूरला गाइड मॅडमची बोलणी खायची, असा दिनक्रम. विषय तसा सोपा. पावसाळ्यात कोकण किनाऱ्याबाहेर तळाचं गार, सकस पाणी वर येतं. त्यात बारीक शेवाळ माजतं, ते खायला पाण्यात तरंगणारे बारके जीव जमतात आणि त्यांच्यावर ताव मारायला जेलीफिश. कोण कोणाला किती खातं, एवढंच मला मोजायचं होतं.

आता पाणी आणणार कोण? घरमालकीण काकींचा भाऊ ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान. मासेमारीची बंदी उठली की तो थेट मालवणच्या बाजूला जायचा. त्याला मी बारीक जाळं दिलं, जीव कुजू नयेत म्हणून फॉर्मेलिन घातलेल्या बाटल्या दिल्या आणि शंभरदा बजावलं, "दादा, सॅम्पल साफ पाहिजे हां!"

दोन वर्षं त्यानं इमानेइतबारे बाटल्या आणल्या. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडले, पण जेलीफिशचा एक धड तुकडा दिसेल तर शपथ. बारके जीवही कमीच. मग मी ऐटीत प्रकरण लिहिलं: या पाण्यात खाणारे नाहीत, जीव कमी आहेत ते उपासमारीनं.

मॅडमनी चष्मा काढला. "ऑगस्टमध्ये, अरबी समुद्रात, जेलीफिश नाही? सोमवारपर्यंत कारण शोध. नाहीतर हे प्रकरण बाद." ते प्रकरण बाद म्हणजे प्रबंधच बाद. बाकी होतं काय त्यात!

रविवारी दादा बहिणीकडे जेवायला आला. मी खाली जाऊन विचारलं, "दादा, जाळ्यात जेलीफिश येतच नाही का हो?"

"येतं तर! बादली भरून येतं." तो खूश होऊन म्हणाला. "ती चिकट घान मी हातानं काडून टाकतो, मंग बाटली भरतो. तुमाला साफ पायजेल ना?"

अरे देवा! त्या चिकटाला लगडलेले माझे बारके जीवसुद्धा दोन वर्षं परत समुद्रात चालले होते. माझा आवाज चढला. "पण काढलंत कशाला? कोणी सांगितलं होतं?"

काकी ताट वाढता वाढता थांबल्या. दादानं शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत जुने-नवे लाल-काळे वळ होते.

"डसतं ना ते," तो म्हणाला. "तुमचा हात नाजूक. मना सवय हाय."

रडूच आलं मला. त्याला वाटलं, वळ बघून घाबरले.

"काय चुकला का माजा, ताई?"

"नाही हो दादा," मी म्हटलं. "माझं चुकलं."

दोन वर्षांत मी त्याला जाळं कसं धुवायचं ते सांगितलं, बाटलीवर तारीख कुठे लिहायची ते सांगितलं. मला काय शोधायचंय, ते मात्र एकदाही सांगितलं नव्हतं.