गौरींच्या डब्यातील चिठ्ठी

गौरींचे मुखवटे मऊ, जुन्या साडीत गुंडाळावेत, म्हणजे रंग खरवडला जात नाही. ते डब्यात ठेवताना माझी पत्नी पुढच्या वर्षासाठी स्वतःलाच चिठ्ठी लिही. तिच्या पश्चात यंदा प्रथमच डबा उघडला, तेव्हा वरच चिठ्ठी होती: ‘धाकट्या गौरीच्या नथीचा मोती सैल आहे.’

विसर्जनानंतर मी आवरू लागलो, तसा मुलगा म्हणाला, “बाबा, किती अडगळ साठवायची? पुढच्या वर्षी मांडणार कोण? तुमचे गुडघे? देऊन टाकू.”

अडगळ म्हणजे निरुपयोगी वस्तू, असे मी वर्गात शिकवले. जिची कोणी वाट पाहत नाही तीही अडगळच, हे सांगायचे राहिले.

मी चिठ्ठी लिहिली: ‘मोती बसवून घेतला आहे. मुखवटे दोन्ही हातांनी उचलावेत.’ ती कोणासाठी, हे मात्र लिहिता आले नाही.