होन्नम्माची गाठ

कन्नड मुलखात, कब्बनपेटेतल्या गुंडूराव महेंद्रकरांच्या शिंपीकामाच्या दुकानामागं त्यांचं घर होतं. बुधवारी दुपारी त्या घराच्या पडवीत आठ-दहा बायका जमायच्या. प्रत्येकीच्या मांडीवर काजं-बटनांसाठी घेतलेला एखादा सदरा असायचा, पण कान सगळे सुनंदाबाईंकडं. सुनंदाबाई म्हणजे गुंडूरावांची बायको. कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. बुधवारी जे कन्नड साप्ताहिक यायचं, त्याच्या शेवटच्या पानावर 'पवनकेतू' ही चित्रमालिका असायची. सुनंदाबाई ती कन्नडमधून वाचता वाचता मराठीत सांगायच्या. राक्षसी आवाजात दरोडेखोर, नाकात बोलणारा सावकार, सगळे त्या एकट्याच. मूळ पानावर बारा चित्रं असली तरी त्यांची गोष्ट तासभर चालायची.

पवनकेतू हा दिवसा बैलगाडी हाकणारा साधा माणूस. गावावर संकट आलं की त्याची म्हातारी आई होन्नम्मा त्याच्या डोळ्यांवर निळा मुखवटा चढवून मागं गाठ मारायची. ती गाठ बसली की वारा त्याला उचलायचा आणि तो डोंगर ओलांडून जायचा. दुसऱ्या कुणी गाठ मारली तर काही व्हायचं नाही. शेजारची गंगव्वा धारवाडकडची, दोन्ही भाषा फाडफाड बोलणारी, पण अक्षरशत्रू. तिला पवनकेतूपेक्षा होन्नम्मा जास्त आवडायची. "तो काय, वाऱ्यावर उडतो," ती म्हणायची. "खरं काम म्हातारीचं."

सत्तावन्न साली मद्रासच्या चित्रचक्र स्टुडिओनं पवनकेतूवर सिनेमा काढला. पहिल्याच रविवारी अकरा जणी नटूनथटून मॅजेस्टिकला दुपारच्या खेळाला गेल्या. बायकांच्या बाजूची एक अख्खी रांग त्यांनीच धरली. दिवे मालवले, आणि नावं पडद्यावर येण्याआधीच होन्नम्मा खोकून मेली. पुढं एका नर्तकीनं पवनकेतूला हिऱ्याची अंगठी दिली, आणि अंगठी घालून तो उडाला.

"अक्का," गंगव्वानं सुनंदाबाईंना विचारलं, आणि तिचा आवाज मुळातच मोठा, "मग गाठ कोणी मारली?"

अख्खं थिएटर हसलं. पुढच्या बाकांवरून एक पुरुष ओरडला, "बरोबर विचारते बाई." सुनंदाबाईंना मात्र हसू येईना. सहा वर्षं ज्या बाईचा आवाज त्यांनी स्वतःच्या गळ्यातून काढला, तिला या लोकांनी दोन मिनिटांत मारून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुडिओला चार पानी पत्र लिहिलं. महिन्याभरानं उत्तर आलं. पाकिटात नायकाचा सहीचा फोटो होता, दुसरं काही नाही. गंगव्वानं तो मागून घेतला आणि लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवला.

एकोणसाठ साली दुसरा सिनेमा आला, एकसष्ट साली तिसरा. प्रत्येक वेळी या बायका पहिल्या रविवारी हजर. दुसऱ्यात पवनकेतू घोड्यावरून फिरला, तिसऱ्यात त्याच्याकडे मोटार आली. बैलगाडीचा पत्ता नाही.

"इतका वाईट असतो म्हणता, मग जाता कशाला?" गुंडूरावांनी एकदा विचारलं.

"अहो, किती वाईट आहे ते बघायला नको का?"

खरी मजा परतीच्या वाटेवर असायची. मॅजेस्टिकपासून कब्बनपेटेपर्यंत चालत येताना सुनंदाबाई तोच सिनेमा पहिल्यापासून नीट करून सांगायच्या. कुठं चुकलं, तिथं काय व्हायला हवं होतं, होन्नम्मा काय म्हणाली असती. तिसऱ्या सिनेमाच्या वेळी तर थिएटरातली ओळख ना पाळख अशी चार कुटुंबं ऐकत ऐकत त्यांच्याबरोबर चालू लागली. त्यातल्या एकांचं घर उलट्या दिशेला होतं.

बासष्ट साली साप्ताहिकात दोन ओळी छापून आल्या: चार आठवड्यांनी पवनकेतू संपणार. सुनंदाबाईंनी अंक मिटून ठेवला आणि त्या दिवशी वाचन झालं नाही. गुरुवारी त्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेल्या, चित्रकाराचा पत्ता मागून घेतला, आणि गंगव्वाला घेऊन बसनं बसवनगुडीला गेल्या.

चित्रकार म्हणजे भीमाचार्य नावाचे एका शाळेचे ड्रॉइंग मास्तर. सडपातळ, साठीकडे झुकलेले, धोतरावर शाईचे ठिपके. दोन अनोळखी बायका दारात बघून ते गोंधळले. काम कळल्यावर त्यांनी चटई अंथरली.

"संपादकांना सिनेमासारखं हवंय," ते म्हणाले. "आई काढून टाका, नर्तकी घाला. मी म्हटलं, होत नाही माझ्याच्यानं. मग म्हणाले, बंद करा."

"शेवट काय करणार?"

"तेच सुचत नाहीये, अक्का. हात चालतो, डोकं चालत नाही."

सुनंदाबाई चटईवर पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "स्वल्प, जरा ऐका. पवनकेतूला ताप आलाय. अंथरुणातून उठवत नाही. आणि त्याच दिवशी तळ्याचा बांध फुटायला आलाय."

"मग?"

"मग होन्नम्मा मुखवटा स्वतःच्या डोळ्यांवर धरते. पण स्वतःची गाठ स्वतःला मारता येत नाही. ती लेकाच्या उशाशी पाठ करून बसते. म्हणते, आजवर तुला मी बांधलं, आज तू मला बांध."

भीमाचार्यांनी दौतीचं बूच काढलं. गंगव्वानं मध्येच सांगितलं की म्हातारी जायच्या आधी चुलीतला विस्तव झाकून जाईल. तशीच कशी जाईल? मास्तरांनी तेही टिपलं. मग त्यांनी सुनंदाबाईंना पाठमोरं बसायला सांगितलं, आणि पेन्सिल हवेत थांबवून त्यांनी विचारलं, "पण उडताना लुगड्याचं काय?"

"कासोटा असतो की, मास्तर. नऊवारीत उडायला काय अडचण?" शिंप्याच्या बायकोनं सांगितलं, आणि ओचा कुठं खोचायचा, पदर कसा आवळायचा, तेही उठून दाखवलं. तिघंही हसू लागली.

होन्नम्मा उडाली तो अंक दोन दिवसांत संपला. संपादकांच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला. पुष्कळशी बायकांची, काही दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली, खाली अंगठा उठवलेली. मालिका बंद करायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुढच्या महिन्यापासून चित्राखाली बारीक अक्षरात 'गोष्ट: सुनंदाबाई' असं येऊ लागलं. गुंडूराव तेवढ्या दोन शब्दांवर बोट ठेवून गिऱ्हाइकांना अंक दाखवायचे. मापं घ्यायची राहून जायची.

चित्रचक्रनं पासष्ट साली चौथा सिनेमा काढला आणि त्यात आई घेतली. पंचविशीतली नटी, केसांना पावडर लावलेली, देवळात उभी राहून तिनं तीन गाणी म्हटली. अकराच्या अकरा जणी बघून आल्या आणि आठवडाभर बोलायला विषय पुरला.

अडुसष्ट साली भीमाचार्यांची नजर अधू झाली. ते म्हणाले, "आता तुम्ही सांगाल तसा शेवट करू." सुनंदाबाईंनी एक आठवडा मागून घेतला आणि तीन महिने लावले. एवढे दिवस मास्तर कागद जवळ धरून, डोळे बारीक करून चित्रं काढत राहिले. शेवटच्या पानावर गावावर कसलंच संकट नव्हतं. मायलेक बैलगाडीतून बाजाराला जातात, कांदे घेतात, परत येतात. "यात घडतं काय?" संपादकांनी विचारलं. "काही नाही," सुनंदाबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी." पान छापलं गेलं.

त्या बुधवारी त्यांनी पडवीत ते वाचून दाखवलं, नेहमीसारखं तासभर. वाचून झाल्यावर गंगव्वानं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "कांदे चांगले निघाले का गं?"

पानावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"एकूण एक," सुनंदाबाईंनी सांगितलं. "एकही किडका नव्हता."